पाच आणि सहाच्या मधला पारा

उष्णता बाहेर पडली की उत्तराआधी उणे लिहायचं, हे ओरडून ओरडून रसायनशास्त्राच्या सरांचा घसा बसला होता, म्हणून पोरं त्यांना उणेसर म्हणत. त्याचा राग यायचंही आताशा बंद झालं होतं. राग यायचा तो पोरांच्या वह्यांचा.

आम्ल आणि अल्कली कागदी कपात एकत्र करायचं, मिश्रण किती तापलं ते बघायचं आणि त्यावरून एन्थाल्पीतला, म्हणजे उष्णतेतला, बदल काढायचा, एवढासा प्रयोग. पुस्तकातलं उत्तर उणे सत्तावन्न. कपातून उष्णता निसटते, म्हणून शाळेतल्या कपात ते यायचं नाव नाही. तरी दरवर्षी झाडून सगळ्यांचं तेच यायचं, कारण पोरं उत्तर आधी मांडत आणि तापमान मागाहून. यंदा तर कहर झाला. थर्मामीटरवर खुणा एकेक अंशाच्या, आणि वर्गाने वाढ लिहिली सहा पूर्णांक पंच्याऐंशी, सत्तावन्नाला नेमकी लागते तेवढी!

"डोळे आहेत की सूक्ष्मदर्शक?" सर कडाडले. "परीक्षेत जे दिसेल तेच लिहा. खरं लिहिणाऱ्याचं नुकसान होत नसतं."

ते मनावर घेतलं एकाच मुलीने. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि प्रवेशासाठी प्रात्यक्षिकात दहापैकी सात हवेच होते. परीक्षेत पाऱ्याची वाढ पाच आणि सहा अंशांच्या मधोमध थांबली. तिने वाढ साडेपाच लिहिली, उत्तर काढलं उणे सेहेचाळीस, आणि खाली कपाचं कारणही नोंदवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकाने तिला तीन गुण दिले. बाकी वर्गाला नऊ.

परीक्षक सरांचाच जुना विद्यार्थी. सर तावातावाने त्याच्या टेबलापाशी गेले.

"अरे, अख्ख्या वर्गात ही एकटी खरी आहे!"

"सर, उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आत हवं, असा नियमच आहे. माझे हात बांधलेत." तो जरा घुटमळला. "आणि रागावू नका, पण आमच्या वेळी शाळेची तपासणी आली, तेव्हा सहा पूर्णांक पंच्याऐंशी तुम्हीच फळ्यावर लिहून दिलं होतंत."

दिलं होतं खरं. नोकरीचं दुसरं वर्ष, धाकधूक, वाटलं एकदाच. गुणपत्रकावर त्यांचीही सही लागत होती. ती अडवली तर सगळ्या वर्गाचा निकाल अडकणार. स्वतःला शिव्या घालत त्यांनी सही ठोकली.

बाहेर ती उभीच होती. तिला कळलं होतं. ती रडत नव्हती, आणि सरांना तेच जास्त झोंबलं.

"सगळ्या सांगत होत्या, उत्तर आधी लिही म्हणून," ती म्हणाली. "मीच तुमचं ऐकलं."