औषधांच्या डब्यातला दांडा

आमच्या शेजाऱ्याला आम्ही भट्टी म्हणतो. अर्थात पाठीमागे, जीव प्रत्येकालाच प्यारा असतो. प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे घडवणं हा त्याचा धंदा. आमची भिंत एकच आणि त्याचा आवाज दोन घरांना पुरून उरतो, म्हणून मलाही आता अर्धा धंदा येतो.

चिडायला त्याला एरवी काहीही चालतं. माझ्या डब्याचं झाकण सैल निघालं तरी म्हणतो, "वहिनी, हे करणाऱ्याला याच डब्यात कोंडा." पण या सोमवारी कारण खरं होतं. माझे सासरे न्हाणीघराच्या दारात पडले. नव्या वॉकरची मूठ नळीवरून निसटली. मनगट मोडलं, आणि मूठ त्यांच्या हातातच राहिली. भट्टीनं ती उलटीपालटी करून पाहिली. त्याच्याच साच्यातली होती.

हा साचा घडवताना त्यानं स्वतःच्या आईला ओल्या मातीचा गोळा दाबायला लावला होता. म्हाताऱ्या बोटांच्या खाचा त्यावरून घेतल्या. पहिल्या दोन मुठी आईच्या वॉकरला बसवल्या, त्याला दोन वर्षं झाली. त्यानं तो वॉकर एका खांद्यावर टाकला, सासऱ्यांचा दुसऱ्यावर, आणि कारखान्याकडे निघाला.

"अरे मेल्या, मी उठू कशी?" म्हातारी खुर्चीतून ओरडली.

"उठूच नकोस!"

"आणि जायची वेळ आली तर?"

"वहिनी आहेत!"

वहिनी म्हणजे मी. बसले.

त्याच्या साच्यातून मुठी काढणारा कारखाना त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा. तिथं काय झालं ते संध्याकाळी भिंतीनं मला सगळं ऐकवलं. यानं आईचा वॉकर टेबलावर आदळला. "ओढा, भाऊजी." मेहुण्यांनी मूठ दोन्ही हातांनी ओढली, टोमॅटोसारखे लाल झाले, ती हलली नाही. सासऱ्यांच्या वॉकरची दुसरी मूठ यानं करंगळीनं काढून दाखवली.

"साचा चुकला असेल तुझा," मेहुणे म्हणाले. "तसं लिहून सही दे, मी निस्तरतो."

मुठीचं भोक ज्याच्याभोवती तयार होतं तो साच्यातला पोलादी दांडा यानं तिथंच मोजला. माप केसाएवढंही चुकलेलं नव्हतं.

"प्लास्टिकच्या दाण्यांत काय मिसळताय?"

"थोडी खडूची पूड. सगळेच मिसळतात."

आता हे मलासुद्धा कळतं: प्लास्टिक थंड होताना आक्रसतं, आणि ते किती आक्रसेल हे धरूनच भट्टी दांडा घडवतो. खडू कशाला आक्रसेल? भोक मोठंच राहतं.

"मग बारीक दांडा कर नवा."

"आणि उद्या पूड वाढवलीत की आणखी एक? त्या मुठीला माणसं लटकतात, भाऊजी! कोट नाही!"

साचा खोलून त्यानं दांडा काढला, दोन्ही वॉकरांसह घरी आणला आणि आईच्या औषधांच्या डब्यात ठेवला. कारखान्यातलं मशीन बंद.

तिसऱ्या दिवशी मेहुणे भट्टीकडे आले, खिशात तो सहीचा कागद. मी म्हातारीजवळच होते.

"दांडा कारखान्याचा आहे."

"सही माझी आहे."

दोघं इतके तापले की मला चहा ठेवायचंही भान राहिलं नाही. मग मला सुचलं. घरी जाऊन सासऱ्यांचा वॉकर आणला, निघालेल्या मुठी नळ्यांवर बसवल्या आणि मेहुण्यांपुढे उभा केला. म्हातारीनं माझा बेत लगेच ओळखला.

"जावईबापू, घसा सुकला हो. यावर टेकत टेकत जा आणि पाणी आणा मला."

मेहुणे हसले. आम्ही कोणी हसलो नाही. त्यांनी मुठींवर हात ठेवले, तापल्या तव्यावर ठेवावेत तसे, आणि दोन पावलं चालले.

"टेका की," म्हातारी म्हणाली. "सगळा भार टाका."

टेकले नाहीत. एकदाही नाही. म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं.

भट्टी यावेळी ओरडला नाही, आणि मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. "खडूच्या गोण्या परत जाताना मी डोळ्यांनी बघेन," तो म्हणाला, "मग दांडा मिळेल."

मेहुण्यांनी कागद खिशातून काढलाच नाही. ते जिना उतरत असताना भिंतीपलीकडून सासरे कडाडले, "माझा वॉकर कुठल्या गाढवानं नेला?"

"बसा तिथंच!" मी इकडून ओरडले. "नव्या मुठी येईपर्यंत उठायचं नाही!"