एका ओळीचं कारण

आमच्या साडूंइतका सावकाश प्रोग्रामर अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात दुसरा नसेल. ऑफिसातली पोरं दिवसात लिहीत तेवढं ते आठवड्यात लिहीत, आणि प्रत्येक ओळ का लिहिली हे तिच्या वर मराठीत नमूद करीत. प्रोग्राममधल्या एकेका आकड्याला नाव देताना ते एवढा विचार करत, की बारशाला आत्याही करत नसेल. कुणी नुसतं ‘क्ष’ म्हणून भागवलेलं दिसलं की त्यांचा चहा गार होई. मी त्याच ऑफिसात बिलं बघायचो. त्यामुळे मालकांची त्यांच्याबद्दलची गाऱ्हाणी ऐकायला आयता नातेवाईक मीच सापडायचो.

दुष्काळाची वर्षं होती. शहर बिडकीनच्या अंगानं पसरत होतं आणि नव्या वसाहतींत नळाआधी माणसं पोचली होती. त्यांच्या टँकरच्या वेळा ठरवणारा जुना प्रोग्राम साडूंना नव्यानं लिहायचा होता. त्यात एक ओळ निघाली: अमुक गल्लीत संध्याकाळी सातच्या आत टँकर पाठवायचा नाही. का, ते कुठंच नव्हतं, आणि लिहिणारा केव्हाच सोडून गेला होता.

“काढून टाका,” मालक म्हणाले. “सोमवारी काम मिळालं नाही तर मंगळवारी येऊ नका.”

“कारण कळल्याशिवाय काढता येत नाही,” साडू शांतपणे म्हणाले. “ठेवताही येत नाही.”

सोमवारी दुपारी मला स्कूटरवर मागं बसवून ते त्या गल्लीत गेले. सगळ्या दारांना कुलपं. सातच्या सुमारास कंपनीच्या बसमधून बायका उतरल्या. साडूंनी विचारल्यावर एक म्हणाली, “आमी समद्या कामावर असतोत. पाचला टँकर आला तं पाणी कोन भरंल, भाऊ? लई बार तसाच परत गेला व्हता.”

साडूंनी ती ओळ ठेवली, वर हे कारण लिहिलं आणि मंगळवारी प्रोग्राम दिला. नोकरी त्याच दिवशी गेली.

पुढं ते पुण्याला मुलीकडे गेले. परवा फोनवर मी सांगितलं, त्या गल्लीत नळ आले, तुमची ओळ काढून टाकली.

“चांगलं झालं,” ते म्हणाले. “का काढली, ते लिहिलं ना कुणी?”

मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो, पण चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या नव्या प्रोग्रामर मुलीशेजारी बसलो आणि तिला लिहायला लावलं: गल्लीत नळ आले, आता बायकांना टँकरची वाट बघावी लागत नाही.

“काका, हे वाचणार कोण?” तिनं विचारलं.

मला साडूंची फार आठवण आली.