एका लेन्सला दोन बॉडी: कवडी आणि सिंहगडाच्या दरीतल्या दोन सकाळी

वृंदाताईंनी त्यांचा कॅमेरा पिशवीतून काढून माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "लेन्सला तुझा आणि माझा, दोन्ही कॅमेरे लावून बघ. बरा वाटेल तो ठेव, दुसरा विकून टाक."

"आणि तुम्ही?"

"मी येऊन काय करू, रेहाना? मला समोरच्या रिक्षाचा नंबर वाचता येत नाही."

म्हणून ही सहल. कॅमेऱ्याची नवीन बॉडी घ्यायची की जुनीच वापरायची, हा प्रश्न पडलेल्यांना माझं निरीक्षण उपयोगी पडेल. पण आधी थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं.

कसबा पेठेत माझं चष्म्यांचं दुकान आहे, अब्बांनी सुरू केलेलं. वृंदाताई खडकीला राहतात, गणित शिकवून निवृत्त झाल्या. नऊ वर्षांपूर्वी चष्मा करायला आल्या आणि भिंतीवरचा मी काढलेला खंड्याचा फोटो पाहून म्हणाल्या, "पक्षी चांगला आहे. फोटो हललाय." मैत्री तिथून सुरू झाली. पुढे दोघींनी मिळून १५०-६००ची झूम लेन्स घेतली. बॉडी जिची तिची, लेन्स मात्र एकच, आळीपाळीनं वापरायची.

गेल्या पावसाळ्यात दुकानात सहज म्हणून त्यांना नजर तपासायचा चौकटींचा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "मधल्या रेघा वाकड्या छापल्यात." रेघा सरळ होत्या. मी कागद उलटा करून ठेवला आणि त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. कडेचं दिसतं, नेमकं मधलं दिसत नाही. मी वेळेवर पाठवलं असं सगळे म्हणतात. मला मात्र तो कागद अजून काउंटरवर काढवत नाही.

शनिवार, कवडी

पूर्वी ताईंची गाडी असायची. या वेळी स्कूटर, आणि पायाशी दोन किलोंची लेन्स. सहाला निघाले. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्यानं, टोलनाक्यानंतर डावीकडे गावात. घरापासून पाऊण तास लागतो. फेब्रुवारीत सकाळी चांगलीच थंडी वाजते, स्कूटरवर असाल तर हातमोजे घ्या. गावाजवळच्या नदीला फेस आणि वास असतो, त्याची तयारी ठेवा. तरी बंधाऱ्यावर पक्षी येतात.

आधी माझी जुनी बॉडी लावली. तिचा सेन्सर लहान, त्यामुळे त्याच लेन्समधून पक्षी जवळ वाटतो. चक्रवाकाची जोडी बसलेली होती, तिचे फोटो सुरेख आले. पण नदी सुरय पाण्यावर झेपावायला लागले की फोकस मागच्या झाडीवर जाऊन बसायचा. विसात तीन फोटो धड. शिवाय शटरचा खडखडाट. जवळचे शेकाटे दर वेळी चार पावलं लांब सरकत होते.

मग ताईंची नवी मिररलेस, आत आरसा नसलेली. आमची लेन्स जुन्या जातीची, त्यामुळे मध्ये अडॅप्टर लावावा लागतो. चौकटीत पक्षी लहान दिसला, पण त्याच्या डोळ्यावर फोकसचा एक छोटा चौकोन चिकटला आणि सुरय वळला तरी सुटला नाही. विसात सोळा. आवाज शून्य. बॅटरी मात्र दोन तासांत निम्मी संपली. जादा ठेवाच.

"ताई, हा बघा!" असं म्हणून मी कॅमेरा उजवीकडे पुढे केला. उजवीकडे बंधाऱ्याचा दगड होता. पलीकडे उभ्या असलेल्या फिरायला आलेल्या गृहस्थांनी वळून पाहिलं. "काय म्हणालात?" "काही नाही," मी म्हटलं. अकराला दुकान उघडायचं होतं, म्हणून निघाले.

रविवार, सिंहगडाचा पायथा

खडकवासल्याच्या पुढे डोणज्याहून आतकरवाडी. गडावर जाणाऱ्यांची गर्दी सातनंतर वाढते, त्याआधी पोहोचा. ओढ्याकाठी आणखी पाच जण बसले होते, एकाच ग्रुपमधले, कुजबुजत आणि एकमेकांना डबे देत. मी थोडी लांब बसले.

दरीत उजेड कमी. जुन्या बॉडीवर आयएसओ वाढवला की निळ्या माशीमाराच्या छातीवर रवाळ दाणे दिसत होते. ताईंच्या बॉडीवर तोच पक्षी स्वच्छ. साडेआठच्या सुमाराला स्वर्गीय नर्तकाचा नर आला, पांढराशुभ्र, हातभर शेपटीचा. चार वेळा पाण्यात बुडी मारून गेला. मी बटण दाबूनच धरलं होतं. तीनशे चाळीस फोटो.

ग्रुपमधले एकमेकांना स्क्रीन दाखवत होते. मी बॅग भरली.

खाली ज्या मावशींकडे आम्ही नेहमी पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचो, त्यांनी सवयीनं दोन ताटं मांडली. "दुसऱ्या म्याडम मागनं येत्यात व्हय?"

"नाही. त्यांना आता दिसत नाही नीट."

मावशी थांबल्या. "पार न्हाई दिसत?"

"कडेचं दिसतं."

"मंग आणा की. दही काय डोळ्यानं खायाचं हाय?" त्यांनी दुसरं ताट उचललं. मला भाकरी संपवता आली नाही.

घरी

निकाल सरळ आहे. उडते पक्षी आणि कमी उजेड असेल तर मिररलेस. भरपूर उन्हात बसलेले, लांबचे पक्षी टिपायचे असतील तर लहान सेन्सरची जुनी क्रॉप बॉडी आजही उत्तम, नवीन घ्यायची घाई नको. हे लिहिणं सोपं आहे. ताईंना फोन करायला मला संध्याकाळ झाली. माझी बॉडी जिंकली असती तर त्यांची न विकता परत करता आली असती, कधीतरी लागेल म्हणून.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

"तुमचा."

"माहीत होतं." त्यांनी पुढे विचारलं, "नर्तक आला होता?"

"नर. चार बुड्या."

"शेपटी भिजल्यावर कशी दिसते गं? मी कधी नीट पाहिली नाही. कायम फोकस बघत राहिले."

मी लॅपटॉप पुढे ओढला. कीबोर्डचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा. "फोटोत नको शोधूस. तू तिथे होतीस ना?"

होते. आणि मला सांगता येईना.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्या दिवशी काठावर कुणीच नव्हतं. नऊ वाजता नर आला तेव्हा कॅमेरा मांडीवरच ठेवला. शेपटीची दोन लांब पिसं भिजून एकमेकांना चिकटली, ओल्या सुतळीसारखी लोंबली. फांदीवर बसून त्यानं अंग झटकलं तेव्हा ती पुन्हा वेगळी झाली. एकही फोटो नाही.

घरी येऊन ताईंना हे सगळं सांगितलं. ताई येणार का, हे मी आता विचारत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "आणि झटकल्यावर पाणी कुठल्या बाजूला उडालं?"