भुरी न धरणारा वाटाणा

माझी थोरली काकू अंबाड्यात चिमटा खोचून फिरायची. केसांचा नव्हे, घड्याळं दुरुस्त करणारे वापरतात तसला, टोकदार. बियाणे केंद्रात तिला सगळे चिमटाबाई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. तिचं काम वाटाण्याच्या कळ्यांचं. वाटाण्याचं फूल उमलायच्या आधीच स्वतःच्या परागावर फळून मोकळं होतं. त्यामुळे दोन वाणांचा संकर करायचा तर कळी मिटलेली असतानाच उघडायची, आतले पुंकेसर एकेक करून उपटायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा. हात जरा जड पडला की कळी गळालीच.

एका वर्षी भाजीमळ्यांत वाटाण्यावर भुरी आली. पीठ भुरभुरावं तशी पानं पांढरी झाली, शेंगा भरायच्या आतच वेल वाळले. मळेवाल्यांनी वाळके वेल आणून साहेबांच्या टेबलावर टाकले. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख, मनाने चांगले, पण घाईतले. त्यांनी फवारणीचं औषध सुचवलं.

"ते आम्ही मारलंय," एक मळेवाली म्हणाली. "औषध संपलं की भुरी परत हजर."

काकू शेजारीच उभी होती. केंद्राच्या कोपऱ्यात जनावरांच्या चाऱ्यासाठी लावलेला एक खुजा वाटाणा होता. त्याची पानं त्या वर्षीही हिरवीगार होती, हे तिने पाहिलं होतं. ती साहेबांना म्हणाली, "मला काचघरातली एक बाजू द्या. त्या खुज्याचा आणि आपल्या गोड वाणाचा संकर करून बघते."

"चाऱ्याचा वाटाणा माणसांनी खायचा?"

"एकदम नाही. हळूहळू."

साहेबांनी पाण्याच्या टाकीमागची बाजू दिली.

संकराचं बी पेरलं, रोपं वर आली. मध्ये मध्ये तिने मुद्दाम रोगट रोपांच्या ओळी लावल्या होत्या, म्हणजे भुरी प्रत्येकापर्यंत पोचावी. आणि ती पोचली. झाडून सगळी रोपं पांढरी पडली, एकही सुटलं नाही. साहेबांनी उपटून टाकायला सांगितलं.

"बी धरेपर्यंत राहू द्या," काकू म्हणाली.

"अहो बाई, गुण उतरलाच नाही. डोळ्यांना दिसतंय."

"दिसत नाही म्हणजे गेला असं कुठे आहे? आजोबांचं नाक मुलाला येत नाही, आणि नातवाच्या तोंडावर येऊन बसतं."

साहेबांनी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला आणि निघून गेले. रोपं राहिली.

त्यांचं बी पुढच्या हंगामात पेरलं. पुन्हा भुरी, पुन्हा पांढऱ्या ओळी. पण त्या ओळींत अधूनमधून एखादं रोप हिरवं उभं होतं, शेजारच्याची भुरी अंगावर उडत असताना. काकूने पानं उलटी करून पाहिली, बोटाने पुसून पाहिली. मग ती जमिनीवरच बसली. घरी येऊन काकांना एवढंच म्हणाली, "काही वाचलेत." काका ट्रक दुरुस्त करायचे. त्यांनी हात पुसले आणि चहा टाकला.

अडचण पुढे होती. वाचलेली रोपं निरोगी, पण शेंगा आखूड आणि दाणे खड्यासारखे. माझ्या आईने ते शिजत घातले. पाणी आटलं, पुन्हा घातलं, ते पुन्हा आटलं.

"ताई, इथे काही तुमची डाळ शिजत नाही बरं का," आई हसत म्हणाली.

"डाळ नाही, वाटाणा आहे," काकू म्हणाली. "शिजेल."

त्या निरोगी रोपांचा तिने गोड वाणाशी पुन्हा संकर केला. पुन्हा गुण लपला, पुन्हा पुढच्या पिढीत वर आला, पुन्हा त्यातली निरोगी आणि लांब शेंगांची रोपं तिने निवडली. असं वर्षामागून वर्ष. मी शाळा संपवून कॉलेजात गेले. दर खेपेला शेंग जराशी लांबायची आणि दाणा जरासा मऊ व्हायचा.

मग एका वादळात काचघराचं छप्पर फुटलं. रोपांवर ताडपत्री ओढताना वरून काच पडली आणि तिच्या उजव्या मनगटात घुसली. डॉक्टरांनी तुटलेलं सगळं शिवलं, जखम भरली, पण अंगठा आणि बोट एकमेकांना भेटेनात. तिला साधं बटण लावता येईना, मग कळी कुठली उघडणार?

साहेब घरी आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "पाकिटं भरायच्या विभागात या. बसून काम आहे. तुम्ही पुष्कळ केलंत."

"अर्धवट केलंय," काकू म्हणाली. "आणि मला डावा हात आहे."

तो डावा हात तोवर फक्त पिशव्या धरायला उपयोगी पडला होता. तिने एका वाटीतली मोहरी चिमट्याने दुसऱ्या वाटीत टाकायला सुरुवात केली. मोहरी घरभर झाली. अंथरुणात मोहरी, चपलेत मोहरी. आई केरसुणी घेऊन मागे फिरायची. काकांना वाटलं, आपणच कळ्या शिकाव्यात. ते केंद्रात गेले आणि पहिल्याच ओळीत कळ्यांचा चुरा केला.

"अहो, नट सैल करताय का?" काकूने विचारलं.

काका ओशाळले, पण रिकाम्या हाताने परतले नाहीत. टेबलाच्या दिव्याचा वाकणारा दांडा काढून त्याच्या टोकाला रबर लावलेली पकड बसवली. ती वेलाला हलू देत नव्हती, त्यामुळे काकूला डाव्या हाताने फक्त चिमटा चालवायचा राहिला. पहिल्या दिवशी सगळ्या कळ्या गळाल्या. दुसऱ्या दिवशीही. काकू रडली, पण काम करता करता; डोळे पुसायला चिमटा खाली ठेवावा लागतो, म्हणून तिने ते पुसले नाहीत. त्या आठवड्यात एक कळी टिकली आणि तिची शेंग झाली.

शेवटी तिचा वाण मळ्यांत गेला. चाचणीच्या वर्षी भुरी जोरात होती. इतरांचे वेल वाळून गेले, तरी काकूच्या वाणाची तोडणी चालूच राहिली. त्याच्या शेंगा जुन्या गोड वाणाएवढ्याच लांब होत्या, पण वेल जास्त दिवस जगला म्हणून टोपल्या जास्त भरल्या. साहेबांनी मळ्यात उभ्याउभ्या शेंग सोलून दाणे तोंडात टाकले.

"साल थोडी जाड आहे," ते म्हणाले. मग दुसरी शेंग सोलली. "पण बाई, मी तेव्हा उपटायला सांगत होतो."

"सांगितलंत," काकू म्हणाली. "आणि मग राहूही दिलंत."

त्याच फेरीत सखल भागातल्या एका मळ्यात तिचेच काही वेल पिवळे पडलेले दिसले. तिने एक उपटला. मूळ काळं होतं. ही भुरी नव्हती, मर होती, जमिनीतून येणारी. मळेवाल्याला वाटलं, बाई खचणार. काकू वाकून ओळीतून पुढे सरकत गेली आणि पिवळ्यांच्या मधोमध ताठ उभ्या असलेल्या दोन-तीन वेलांना तिने डाव्या हाताने लाल दोरा बांधला.

"यांच्या शेंगा तोडू नका," ती मळेवाल्याला म्हणाली. "वाळू द्या. मी बी न्यायला येते." आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "टाकीमागची बाजू अजून रिकामीच आहे ना?"