वनमालाबाईंचं पत्रक

भूमच्या स्टँडजवळ वनमालाबाईंचं चपलांचं दुकान आहे. आधी त्या आठवडी बाजारात ताडपत्री अंथरून बसायच्या, पुढं गाळा मिळाला. शाळा आठवीत सुटली, पण बोलण्यात त्यांना कुणी हरवलं नव्हतं. म्हणूनच व्यापारी मंडळानं दिवाळीआधी ऑनलाइन खरेदीविरुद्ध पत्रक काढायचं ठरवलं, तेव्हा मजकुराचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं.

लिहायला सवड नव्हती. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या फोनपुढं बोलत गेल्या आणि फोन टाइप करत गेला. नंतर वाचून बघावं असं काही त्यांच्या मनात आलं नाही. आपलंच बोलणं, त्यात काय बघायचं?

बैठकीत सचिव बाबूरावांनी ते जसं होतं तसं मोठ्यानं वाचलं. सुरुवातच ‘अतिप्रचंड महाभयंकर संकट’ अशी. ऑनलाइनवाले सगळे चोर, हे पुन्हा पुन्हा आलेलं. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, त्यामुळं बाबूराव दम लागेल तिथं थांबत होते. ‘ऑनलाइन माल स्वस्त दिसतो फसू नका आमच्या दुकानात या बघा मग घ्या’ या ओळीवर ते ‘दिसतो’पाशी थांबले आणि पुढं ठासून म्हणाले, “फसू नका आमच्या दुकानात.” लोक हसायला लागले. पुढं ‘अंगठा दाबतोय का बघा’ असं हवं होतं, तिथं फोननं ‘अंगठी’ करून ठेवलं होतं. “अंगठी असंल तर माझ्याकडं पाठवा,” सराफ शांतलिंग म्हणाले. त्यानंतर कुणाचं ऐकण्यात लक्ष राहिलं नाही.

वनमालाबाईही हसल्या, पण घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. म्हणणं खरं होतं आणि ते कुणापर्यंत पोचलंच नव्हतं.

शाळेत मराठी शिकवणाऱ्या दीपमाला मॅडम त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. त्या दुकानात आल्या तेव्हा वनमालाबाईंनी कागद पुढं केला. मॅडमनी स्टुलावर बसून सगळं वाचलं. मुद्दे चांगले आहेत म्हणाल्या, पण वाचणारा चुकांवर अडखळला की मुद्द्यावरचाही त्याचा विश्वास जातो.

“व्हय,” वनमालाबाई म्हणाल्या. “चामडं कितीबी चांगलं असू द्या, आतून खिळा टोचला की गिऱ्हाईक पाय काढून घेतंय.”

मग दोघी कामाला लागल्या. विरामचिन्हं पडली, अंगठीचा अंगठा झाला, महाभयंकर संकट गेलं. ‘सगळे चोर’ मात्र वनमालाबाई काढू देईनात. मॅडमनी विचारलं, तुमची हर्षाली तिच्या परीक्षेची पुस्तकं कुठून मागवते? वनमालाबाईंनी पेन घेऊन ‘सगळे चोर’ स्वतःच खोडलं. लेकीची पार्सलं त्या स्वतःच घ्यायच्या आणि ती पुस्तकं इथं कुठं मिळत नाहीत, हेही त्यांना माहीत होतं.

“मग असं लिहा,” त्या म्हणाल्या. “पुस्तक खुशाल ऑनलाइन मागवा. चप्पल मात्र पायात घालून, चार पावलं चालून घ्या. पाऊल प्रत्येकाचं येगळं असतंय.”

दोन पानांचं अर्धं पान झालं. बाबूरावांनी ते वाचलं तेव्हा मंडळी शेवटपर्यंत शांत होती. शांतलिंगांनी आपल्या दुकानासाठी जास्तीच्या प्रती मागितल्या.

पत्रक वर्तमानपत्रांतून वाटलं गेलं. बाजाराच्या दिवशी तेरखेड्याचे एक गुरुजी आईला, द्वारकाबाईंना, घेऊन आले. ऑनलाइन मागवलेल्या चपलेनं म्हातारीची टाच सोलली होती. गुरुजी म्हणाले, “असली पत्रकं मी वाचत नाही. पण तुम्ही पुस्तकं ऑनलाइन घ्या म्हणलात, म्हणून पुढं वाचलं.”

द्वारकाबाईंनी मऊ तळव्याची चप्पल घालून दुकानातल्या दुकानात फेरी मारली. मग दारापर्यंत गेल्या. तिथून वळून त्यांनी जुनी चप्पल पिशवीत टाकायला सांगितली.

वनमालाबाई खाली बसल्या आणि त्यांच्या नव्या चपलेचा पट्टा नीट करू लागल्या.