मनोहर कोण?

विजयमाला मूळची पुण्याजवळच्या मांजरी गावची. उसाच्या फडाला लागून घर, घरात वाचणारं कुणी नाही, तरी हिला पुस्तकाचं वेड लागलं ते लागलंच. मॅट्रिक झाली आणि लग्न होऊन विश्रांतवाडीत आली. नवरा संभाजी खडकीला कारखान्यात नोकरीला. सासऱ्यांनी आळंदी रस्त्यालगतचं वावर विकून इमारत बांधली. खाली विजयमालाचा संसार, वर धाकट्या दिराचा. विजयमाला ओट्यापाशी उभी राहून, डब्यांच्या आड पुस्तक टेकवून वाचायची. भाजी करपली की सासूबाई आतून विचारायच्या, "आज कोण मेलं पुस्तकात?" घरात तिच्या वाचनाची दखल घेतली जायची ती एवढीच.

सासूबाई गेल्या, मुलं मार्गी लागली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला शनिवारचं मंडळ सापडलं. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या रशीदाबाईंच्या हॉलमध्ये आठ-दहा माणसं दुपारी जमत आणि एकच पुस्तक मोठ्याने वाचत. वाचायचे रशीदाबाईंचे यजमान युसूफभाई. त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण आवाज असा की खुनाचं वर्णन आलं की लोक पाय वर घेऊन बसत. लोहगावहून लढाऊ विमान उडालं की ते ओळीवर बोट ठेवून थांबत आणि घरघर विरली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करत.

विजयमाला तिथे धाकट्या जावेलाही घेऊन जायची. शालू खडकवासल्याच्या अलीकडच्या एका वाडीतली. शाळा दोन-चार वर्षांची, बोलणं तिकडचंच. "आगं बया, मेला का त्यो?" असं ती भर मंडळात ओरडायची. सगळे हसायचे. विजयमालाही हसायची, पण आत कुठेतरी तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. आपण इथे 'आपलं मत काय?' वगैरे बोलायला शिकलो आणि ही आपलीच जाऊ!

एका पावसाळ्यानंतर मंडळातल्या आप्पासाहेबांना जुन्या बाजारात एक रहस्यकथा मिळाली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, तिरकस बोलण्यात पटाईत असा हा माणूस. पुस्तकाची प्रत एकच, दुसरी कुठे मिळेना. गोष्ट कोकणातल्या एका बंदराची. चक्रीवादळ येऊ घातलेलं, रस्ते बंद, तारा तुटलेल्या आणि समुद्रकाठच्या लॉजमध्ये अडकलेली सात माणसं. वादळाच्या पहिल्या तडाख्यात लॉजचा मालक वरच्या, बोटींसाठी दिवा लावायच्या खोलीत मेलेला सापडतो. बाहेरून कुणी येणं शक्य नाही, म्हणजे खुनी आतलाच.

"अट एकच," आप्पासाहेब म्हणाले, "पुढचं पान कुणी चोरून वाचायचं नाही. दर शनिवारी वाचून झालं की प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा."

रशीदाबाईंकडे नातवंडं पुस्तकं फाडत, म्हणून आठवडाभर ते सांभाळायचं काम विजयमालाकडे आलं.

पहिल्याच रविवारी घरातले सगळे एका लग्नाला गेले. विजयमालाचं डोकं दुखत होतं म्हणून ती मागे राहिली. पुस्तक समोर टेबलावर. एक पान, फक्त एक पान, असं म्हणत तिने उघडलं आणि दिवेलागणीपर्यंत ते संपवूनच टाकलं. लॉजमध्ये उतरलेला डॉक्टर हा डॉक्टर नव्हताच. तो मालकाचा परागंदा झालेला भाऊ, मनोहर. खून त्यानेच केलेला.

पुस्तक मिटल्यावर तिला वाईट वाटलं. आता शनिवारी गप्प बसायचं, असं तिने ठरवलंही. पण शनिवारी आप्पासाहेबांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली आणि तिची पाळी आली तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "मला वाटतं, दिव्याच्या खोलीची किल्ली डॉक्टरच्या बॅगेत असणार."

पुढच्या खेपेला ती किल्ली तिथेच निघाली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"बाई, तुम्ही पोलिसात हव्या होतात," आप्पासाहेब म्हणाले. "निदान एखादा चोर तरी सापडला असता."

इतकी वर्षं विजयमालाला कुणी हुशार म्हटलं नव्हतं. घरी येऊन तिने संभाजीला सांगितलं. त्याने पेपर खाली घेतला. "खरंच? तू ओळखलंस?" त्या दोन प्रश्नांनी ती रात्रीपर्यंत तरंगत राहिली. मग ते वाढतच गेलं. दर शनिवारी ती एक बरोबर अंदाज सांगायची; एकदा ओला कोट कुणाचा, तेही. कुणाला संशय येऊ नये म्हणून मधूनच एखादा मुद्दाम चुकीचाही. लोक तिच्या पाळीची वाट बघू लागले. शालू तर वाटेत भेटेल त्याला सांगायची, "आमच्या आक्का लई हुशार. पुस्तकातला चोर घरबसल्या धरत्यात."

पुस्तक निम्म्याच्या पुढे गेलं आणि मांजरीहून वडील आजारी असल्याचा निरोप आला. विजयमाला चार दिवस तिकडे राहणार होती आणि शनिवारी परस्पर मंडळात येणार होती. जाताना तिने पुस्तक वर शालूकडे दिलं.

शनिवारी ती आली ती दमलेली, जागरणाने डोळे चुरचुरत होते. वाचन झालं. वादळाचा मधला शांत काळ आला होता, वारा पडला होता, आणि लॉजमधली माणसं आता एकमेकांकडे संशयाने बघू लागली होती. आप्पासाहेबांनी विचारलं, "हं, विजयमालाबाई?"

"सोपं आहे," ती म्हणाली. "जखम डाव्या हाताने केलेली आहे. जेवताना मनोहर चमचा डाव्या हातात धरतो, ते आलंय की मागे."

आप्पासाहेबांनी मान हलवली, मग ती हलायची थांबली.

"मनोहर कोण?"

युसूफभाईंनी चष्म्यावरून एकवार पुस्तकाकडे पाहिलं. आजवर वाचलेल्या पानांत मनोहर नावाचा माणूस कुठेच नव्हता. विजयमालाच्या चेहऱ्यावर रक्त चढतंय हे तिला कळत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं.

"म्हणजे कुणीतरी पुढे वाचलंय," आप्पासाहेब सावकाश म्हणाले. "या आठवड्यात पुस्तक कुणाकडे होतं?"

"शालूकडे," विजयमाला म्हणाली.

शब्द खरा होता. म्हणूनच तो इतक्या पटकन निघाला. सगळे शालूकडे वळले. शालूने विजयमालाकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि पदर सारखा करत म्हणाली, "व्हय. माझ्याकडंच हुतं."

"अगं शालू, वाचलंस तर वाचलंस, पण आल्याआल्या जावेला कशाला सांगायचं?" कुणीतरी हसत म्हणालं.

आप्पासाहेबांना मात्र हसू आलं नाही. "ज्यांना धीर धरवत नाही, त्यांनी निधनवार्ता वाचाव्यात. तिथे शेवट आधीच दिलेला असतो."

लोक खळखळून हसले. शालू जमिनीकडे बघत राहिली. रशीदाबाईंनी पुस्तक उचलून कपाटात ठेवलं.

परतताना दोघी जावा शेजारी शेजारी चालल्या. विजयमाला शब्द शोधत होती. वडिलांचं दुखणं, जागरण, चुकून, घाईत; सगळं ओठांपर्यंत येत होतं आणि परत फिरत होतं. जिन्यापाशी शालू म्हणाली, "वडील बरं हायत न्हवं आता?" विजयमालाने मान हलवली. शालू वर गेली.

पुढच्या शनिवारी तिने वरून सांगितलं, "तुमी जावा आक्का, मला काम हाय." विजयमाला एकटी गेली. आप्पासाहेब म्हणाले, "चला, आज शेवट सुरक्षित." सगळे हसले आणि त्या हसण्यात विजयमालाही सामील झाली. तिचं हसू तिच्याच कानांवर पडलं तेव्हा तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

चहा करायला ती रशीदाबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. रशीदाबाई कप मांडत होत्या. तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "शालू आली होती परवा."

"काय म्हणाली?"

"मला नीट वाचायला शिकवा म्हणाली. जोडाक्षरं लागत नाहीत तिला. मी एक उतारा दिला, तर निम्मा व्हायच्या आत माझा चहा गार झाला." त्यांनी गाळणी धुतली, पालथी ठेवली. "ती तुमच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही."

"रशीदाबाई, मी तुम्हाला सांगते..."

"मला नको," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असायचा तसा, शांत. "सांगायचंच असेल तर बाहेर सांगा. तिचं नाव जिथे घेतलंत तिथे."

विजयमालाने चहाचा ट्रे उचलला. मग तो परत ओट्यावर ठेवला आणि रिकाम्या हातांनीच बाहेर गेली. युसूफभाई शेवटचं प्रकरण उघडून बसले होते.

"थांबा," ती उभ्यानेच म्हणाली. "शालूने काही वाचलेलं नाही. तिला एवढं भराभर वाचताच येत नाही. पुस्तक मी वाचलंय. पहिल्याच आठवड्यात, पूर्ण."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. त्यांच्याकडून एखादा टोमणा येईल म्हणून ती वाट बघत राहिली. टोमणा आला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे किल्ली? तो ओला कोट? ते सगळे अंदाज..."

"हो."

"आणि चुकलेले?"

"ते मुद्दाम."

मग आप्पासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "वाचा, युसूफभाई."

विजयमाला निघून जाऊ शकली असती. तिला वाटलं, आता पळणं हे त्याहून वाईट, म्हणून ती कोपऱ्यात बसून राहिली. युसूफभाईंच्या आवाजात वादळ दुसऱ्या बाजूने पुन्हा उसळलं, छप्पर उडालं, डॉक्टर पळाला, लाटेने त्याला खडकावर आपटलं. मंडळी श्वास रोखून ऐकत होती. तिला प्रत्येक ओळ ठाऊक होती. निघताना तिला चपला शोधता याव्यात म्हणून कुणी बाजूला झालं नाही की कुणी हटकलंही नाही.

घरी येऊन ती तशीच जिना चढून वर गेली. शालू गव्हातले खडे वेचत बसली होती. विजयमाला दारातच म्हणाली, "मी सांगून आले त्यांना. सगळं."

शालूचा हात थांबला नाही. "मला ठावं हुतं. तुमी 'मनोहर' म्हनला तवाच."

"मग बोलली का नाहीस? तिथल्या तिथे का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुमीच सांगचाल."

ती रागाने बोलली असती तर विजयमालाला तिचे पाय धरता आले असते. शालूने फक्त ताट थोडं बाजूला सरकवलं, बसायला जागा केली. विजयमाला बसली. खडे वेचायला हात पुढे केला, पण डोळ्यांसमोर काही दिसेना.

त्यानंतर दोन-तीन महिने ती मंडळात गेली नाही. संभाजीने विचारलं तेव्हा त्यालाही खरं सांगावं लागलं. तो फक्त "बरं" म्हणाला आणि पेपर पुन्हा वर घेतला. तेही तिने सोसलं. शेवटी आप्पासाहेबांनी शालूबरोबर निरोप पाठवला, की खुर्ची रिकामी बघून कंटाळा आला, येऊन बसा. शालू तोवर रशीदाबाईंकडे शिकायला जात होती आणि शनिवारीही जात होती. विजयमाला गेली. कुणी जुना विषय काढला नाही.

अंदाज सांगायची वेळ आली की तिची पाळी आता हळूच वगळली जाई. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आप्पासाहेबांची नजर तिच्या शेजाऱ्यावरून सरळ पलीकडच्यावर जायची. ते तिला सांभाळून घेत होते, हे तिला कळायचं आणि त्यानेच तिचे कान तापायचे. एकदा युसूफभाईंचा घसा बसला होता, तेव्हा रशीदाबाईंनी शालूला पुस्तक दिलं. शालू बोट ठेवत, अडखळत वाचू लागली. एका जोडाक्षरापाशी ती अडली. विजयमालाला तो शब्द दिसत होता, सांगावासा वाटत होता. तिने ओठ मिटून घेतले. शालूने तो दोनदा चाचपला, तिसऱ्यांदा लावला आणि पुढे गेली.