चादरीवरचा गडी

ओळंब्याला एका मेलेल्या माणसाचा हेवा वाटत होता.

काचेच्या गोदामात त्याने अडतीस वर्षं पेट्या वाहिल्या. त्याने रचलेली थप्पी बोटभरही कलत नसे, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. काम सुटल्यावर त्याला वाटलं, आता रविवारची दुपार तरी बायकोबरोबर जाईल. पण बायको तीनच्या ठोक्याला केस विंचरून खालच्या मजल्यावर जायची. तिथे थिएटरात मशीन चालवलेला एक म्हातारा राहत होता. सत्तर वर्षांपूर्वीच्या बॅलेच्या फिल्मांचे डबे त्याने जपून ठेवले होते. भिंतीवर पांढरी चादर ताणून तो त्या दाखवायचा.

पाचव्या रविवारी ओळंबाही गेला. संशय मशीनवाल्यावर होता. पण तो मशीन सोडून कुणाकडे बघेना. बायको मात्र डोळ्यांत प्राण आणून चादरीकडे बघत होती. तिथे घट्ट तुमानीतला एक गडी नाचणारीला खांद्यावर उचलत होता, आणि तिच्याबरोबर बायकोचाही श्वास वर जात होता. ओळंब्याच्या पोटात दुखू लागलं.

"पंचेचाळीस किलोची असेल," तो म्हणाला. "त्यात स्वतःच उडी मारते. पेटी कधी उडी मारत नाही."

"भाऊ, त्याला जाऊन तीस वर्षं झाली," मशीनवाला म्हणाला. "कशाला भांडता त्याच्याशी?"

तरी ओळंबा भांडतच राहिला. दर रविवारी जाऊन गड्याच्या चुका शोधू लागला. पाठ वाकते का, टाच डगमगते का. एकही सापडेना. उचलण्याआधी सोडलेला श्वास, गुडघ्यातला बाक, सगळं जिथल्या तिथे. आणि खाली ठेवताना तर नुसता कापूस. गडी कामचुकार निघाला असता तर ओळंब्याला झोप लागली असती.

एकदा परत येताना जिन्यातच त्याने विचारलं, "माझ्याकडे कधी असं बघितलंस?"

बायको पायरीवर थांबली. "कधी बघणार? अडतीस वर्षं डबा भरून दिला. फाटकाच्या आत एकदा तरी नेलंत?"

"तिथे बघण्यासारखं काय होतं?"

"ते मी ठरवलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खोलीच्या मधोमध खुर्ची मांडली, तिला बसवलं आणि पलंगाखालची काचेच्या भांड्यांची पेटी ओढून काढली. श्वास सोडला, गुडघे वाकवले, पेटी खांद्यावर घेतली. खोली ओलांडून खिडकीपाशी ठेवली. आतली एकही बशी वाजली नाही. पाठ मात्र सरळ होईना, म्हणून तो तसाच ओणवा राहिला.

"तो शेवटी हसतो," बायको म्हणाली.

"त्याची पेटी त्याला धरून असते," ओळंबा जमिनीकडे बघत म्हणाला.

मग तिने उठून त्याच्या कमरेला तेल लावलं. बराच वेळ चोळत बसली.

रविवारी तीनला तिने केस विंचरले. कमरेला पट्टा बांधून तोही निघाला. चादरीवर गड्याने नाचणारीला उचललं, बायकोचा श्वास नेहमीसारखा वर गेला, आणि ओळंब्याने दात आवळले. गड्याने तिला खाली ठेवलं. तेव्हा बायको ओळंब्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बशी वाजली."

ओळंब्याने नीट बघितलं होतं. वाजली नव्हती. पण त्याने मान डोलावली.